खिडकीतून टाकलेला रुमाल

मंडळी, आज उमरेडला जाताना बसमध्ये मी तासभर उभी होते, आणि घरी परतल्यापासून एकटीच हसतेय.

माझी आजी उमरेडची. नागपूरच्या स्टँडवर बस लागली की ती सगळ्यांच्या आधी धावायची आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. कोणी हुज्जत घातली तर त्याच्याशी दणकून भांडायची. आणि बस सुटता सुटता एखादी लेकुरवाळी दिसली की लगेच हाक, "ये वं बाई, बस इथं!" मग स्वतः दांडा धरून उभी. उमरेड येईपर्यंत पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा वाटायची, अनोळखी लोकांना भेंड्या खेळायला लावायची. मला भयंकर लाज वाटायची.

आजी जाऊन दोन वर्षं झाली. आज गुडघा दुखत होता, म्हणून मीही रुमाल टाकला. एका काकांशी भांडून जागा मिळवली. तेवढ्यात कडेवर बाळ घेतलेली एक बाई चढली. खरं सांगते, मी आधी खिडकीबाहेर पाहिलं. मग उठले.

सोबत आलेली माझी लेक चिडली. "आई, उठायचंच होतं तर एवढं भांडून जागा धरली कशाला?"

लहानपणी मी आजीला हेच विचारलं होतं. घरी मी कधी वऱ्हाडी बोलत नाही, पण आज तोंडातून आजीचंच उत्तर निघालं, "धरली नसती, तं देली काय असती वं?"

तुमच्या तोंडून कधी अशी तुमची आजी बोलली आहे का?