दहापैकी चार

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि चौतीस वर्षांत कोणालाही पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. गणितं सगळी बरोबर आली तर अक्षराचा एक मार्क कापायचे. घरातही तोच खाक्या. माझ्या पुरणपोळीला दहापैकी साडेसहा आणि जावयाला सात, तेही मुलगी समोर होती म्हणून. मला त्याची इतकी सवय झाली होती की त्यांच्या मार्कांकडे मी लक्षच देत नसे.

गेल्या वर्षी एका दुपारी जेवण झाल्यावर ह्यांच्या छातीत जळजळायला लागलं. ओवा खाऊन झाला, सोडा पिऊन झाला. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना पाचला उघडणार होता. शेवटी मी कर्वेनगरातून रिक्षा केली आणि ह्यांना मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. रिक्षाभर हे मला बजावत होते, "ॲसिडिटी आहे. तिथे उगाच तमाशा करू नकोस."

दारातच टेबल मांडून एक तरुण सिस्टर बसली होती. बोलण्यावरून विदर्भातली वाटली. तिने ह्यांचं नाव, वय, काय होतंय ते रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि विचारलं, "काका, किती दुखते? दहापैकी सांगा."

"चार," हे म्हणाले.

तेवढ्यात स्कूटरवरून पडलेल्या एका बाईंना स्ट्रेचरवरून आणलं. सिस्टर "इथेच बसा, मी आलेच, बीपी बघायचाय" असं म्हणून तिकडे धावली. त्या बाईंचं रक्त बघून हे एकदम ओशाळले. "खरे पेशंट येतायत. आपण जागा अडवून बसलोय. चल घरी." आणि लिहायला लाज वाटते, पण मी पिशवी उचलली. चारच तर होते! चौतीस वर्षांत ज्या माणसाने कोणाला सढळ हाताने काही दिलं नाही, तो स्वतःच्या दुखण्याला तरी देईल का, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

आम्ही दारापर्यंत पोचलो होतो.

"ओ काका, काऊन चालले?"

सगळा हॉल वळून बघायला लागला. सिस्टर धावत येऊन आमच्या वाटेत उभी राहिली. "नाव लिहिलंय तुमचं. एकदा नाव लिहिलं की तपासल्याशिवाय सोडत नाही आम्ही. मग चार असो की एक."

"अहो, ॲसिडिटी आहे नुसती."

तिने ह्यांचं मनगट धरलं. "ॲसिडिटीला एवढा घाम येते का?"

मी पाहिलं. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि ह्यांच्या शर्टाची कॉलर भिजून चिंब झाली होती. इतका वेळ मी शेजारी बसून होते, पण मला ते दिसलं नव्हतं.

डॉक्टरशी ह्यांनी वाद घातला असता. पण हजेरीपटावर नाव असताना मधेच पळून जायचं नाही, हा ह्यांचाच वर्गातला नियम. निमूटपणे परत येऊन बसले. तिने तिथल्या तिथे ईसीजी काढला, तो घेऊन ती पळत डॉक्टरांकडे गेली, आणि मग कोणी काही विचारत बसलं नाही. हार्ट अटॅक होता. दाखवतील तिथे मी सह्या केल्या. घरी गेला असतात तर परत यायला वेळ मिळाला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

महिन्याभराने आम्ही पेढे घेऊन गेलो. तिने ह्यांना ओळखलं नाही.

"चार म्हणालो होतो, तो मी," हे म्हणाले.

ती हसली. "इथे सगळेच काका चार म्हणतात. म्हणून मी आकडा लिहिते अन् माणूस बघते."

मी खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. प्रत्यक्षात तिचा हात धरून नुसती रडले. ती म्हणत राहिली, "काकू, कामच आहे ना माझं." असेल. पण आपल्या माणसासाठी कोणीही धावतं. ती रजिस्टरमधल्या एका अनोळखी नावासाठी धावली. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

 परत येताना रिक्षात हे बाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी साडेनऊ होतं."

मला भयंकर राग आला. म्हटलं, "मग तो अर्धा तरी कशाला कापलात?"

"तू शेजारी होतीस ना."

मी रिक्षावाल्याला सांगितलं, जरा हळू चालवा.