शेजारच्या पेशी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत संगणकावर काम करायचे आणि कर्जतला, भिसेगावात आईवडिलांजवळ राहायचे. जखम कशी भरते, याचं गणित आम्ही मांडत होतो. चौकोनांची जाळी कल्पायची. एक चौकोन म्हणजे एक पेशी. शेजारचा चौकोन रिकामा असेल तर पेशीने दुभंगून तो भरायचा, चहूकडून शेजारी आले की थांबायचं. संगणकाच्या छपाईयंत्रातून लांबलचक कागदावर तारका उमटत यायच्या आणि मधली मोकळी जागा पानागणिक मिटत जायची. मला ते पाहायला फार आवडायचं.

त्याच सुमारास खालापूरजवळच्या गावाहून वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडे आली. लग्नानंतर लगेचच भात उकडायचा हंडा कलंडून तिचा पाय भाजला होता. तेव्हापासून तिथली कातडी चकचकीत, ताणलेली. आता कुंपणाचा काटा लागल्याचं निमित्त होऊन त्याच व्रणात जखम झाली होती, आणि काही केल्या ती भरत नव्हती.

एका रविवारी मी ते कागद जमिनीवर पसरून बसले होते. आत्या पाय लांब करून शेजारी बसली.

"ह्या चांदण्या कसल्या गं?"

मी सांगितलं. तिने बोट फिरवत पानं पाहिली.

"जागा भरली की थांबतात?"

"हो."

"थांबा म्हणून कोण सांगतं त्यांना?"

"शेजारच्या पेशी."

तिने पुढचा गठ्ठा ओढला. त्यात आम्ही थांबण्याचा नियमच काढून टाकला होता. तारका एकमेकींवर चढत पानाच्या कडेपर्यंत गेल्या होत्या.

"आन ही?"

"ही गाठीची."

लुगड्याचा काठ ओढून आत्याने पाय झाकून घेतला.

मुंबईच्या रुग्णालयात जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. जुन्या भाजल्याच्या व्रणात कधीकधी असं होतं, डॉक्टर म्हणाले. पाय गुडघ्याखाली काढावा लागणार होता. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना एवढंच विचारलं, "कापलेलं कुठं ठेवतात रं?"

वडील खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पाय कापल्यावर ती भिसेगावात परत आली तेव्हा पट्टी बदलायचं काम माझ्याकडे होतं. टाके सुकत होते, कडा जुळत होत्या. डॉक्टर खूश होते. मला मात्र ती नवी गुलाबी कातडी पुढे सरकताना बघवत नसे. भरायला हवी होती, पण थांबेल ना? ऑफिसात यंत्र खडखडायला लागलं की मी पाठ करून बसायचे. पावसाळ्यात घराच्या भिंतीवर शेवाळ पसरलं, ते मी खरवडून काढलं. आई म्हणाली, "दरवर्षी येतं, आजच काय झालं?" मी खरवडतच राहिले.

पट्टी बांधताना आत्या हळूच विचारायची, "शेजारच्या काय म्हणतात गं?"

"गप्प आहेत," मी म्हणायचे. खरं तर मला काहीच ठाऊक नसायचं.

जखम भरली आणि थांबलीही. आत्या कुबड्या घेऊन आपल्या गावी गेली आणि पुढे बरीच वर्षं जगली. गाठ पुन्हा आली नाही. कापलेला पाय मात्र तिच्या लेखी गेला नव्हता. एका दुपारी मी तिला भेटायला गेले, तर ती चटईवर बसून कपाळाला आठ्या घालत होती.

"तळव्याला खाज सुटलीय. नाय सोसवत."

"आत्या, तिथे काही नाही."

"हाय. तू खाजव."

लुगड्याखालून कापलेल्या पायाचं टोक दिसत होतं, त्यापुढे नुसती चटई. मी वाकून त्या मोकळ्या जागेत बोटं फिरवली.

"जरा वर," ती म्हणाली.

मी हात वर घेतला. तिचे डोळे मिटले, चेहरा सैल झाला.

"हां. तिथंच."

हात काढायचं मला धाडस होईना.