बुटापुढचं पाणी

"ए लमानीन, पानी मार समोर! साहेबाच्या बुटाले माती नाही लागली पायजे."

यवतमाळच्या बायपासजवळ फ्लॅटची साइट. मुकादम ओरडला आणि मी बादली उचलली. मालक गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायला घेऊन आला होता. त्यांच्या पुढे मी. कमरेत वाकून, उलट्या पावलांनी, मगाने पाणी शिंपडत. त्यातला एक म्हणाला, "सडा झाला. आता रांगोळी पण काढायला लावा." सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. त्यांच्यापेक्षा माझीच चीड येते.

तिकडे मुरमाच्या ढिगाशेजारी, दोन बल्ल्यांना बांधलेल्या झोळीत माझी दहा महिन्यांची पोरगी. वारा सुटला की ढीग तिच्या अंगावर. पाऊस पडला की तोच ढीग वाहत खालच्या वस्तीच्या नाल्यात. हिरवी जाळी होती, पण फक्त रस्त्याच्या बाजूने, लोकांच्या गाड्यांवर धूळ बसू नये म्हणून. पोरगी खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, "हिला धुळीपासून लांब ठेवा." कुठं ठेवू? डोक्यावर घमेलं होतं.

गिऱ्हाइकं गेली. मुकादम म्हणाला, "उद्या तपासनीवाले येऊन राह्यले. गेटवरची पाटी पुसून घे."

पाटीवर बोटभर धूळ. पुसता पुसता अक्षरं निघाली. धूळ नियंत्रण. माती, मुरमाचे ढीग झाकून ठेवावेत. दिवसातून तीन वेळा पाणी मारावे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आमच्या तांड्यावर सातवीपर्यंत शाळा होती, ती मी शिकले. मुकादमाला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नाही. मी पाटी दोनदा वाचली आणि मस्तकात तिडीक गेली.

फडकं तिथंच फेकलं. टाकीचा पाइप ओढला आणि ढिगावर सोडला.

मुकादम धावत आला. "कायले पानी नासून राह्यली? तुह्या बापाचं हाय काय?"

"पाटीवर लिवलं हाय, तीनदा मारा म्हणून. मले वाचता येते."

त्याने कॉक बंद केला. "उद्यापासून येऊ नोको."

मी घमेलं उपडं केलं आणि त्यावर बसले. खडी वाहून वाहून छाती पोकळ झालेली शेवंताकाकू होती, तीही शेजारी येऊन बसली. मग बाकीच्या चौघी. मिक्सर रिकामा फिरत राहिला. शेवटी मुकादमानेच कॉक उघडला, शिव्या देत.

दुसऱ्या दिवशी मला काढलंच. पोरीचा खोकला गेला नाही. डॉक्टर म्हणतात, लवकर जाणारही नाही.

आता दुसऱ्या साइटवर आहे. इथल्या मुकादमाला पहिल्याच सकाळी सांगितलं, "आधी ढीग वला करा. मंग घमेलं उचलीन." हाही म्हणाला, काढून टाकीन. काढ म्हटलं. यवतमाळात बांधकामं पुष्कळ आहेत, आणि ढीग ओला होईपर्यंत माझं घमेलं प्रत्येक ठिकाणी जमिनीवरच राहील.