घाणीवर मारलेलं औषध

ग्वाल्हेरच्या माधवगंजातले महिपतराव जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. पूर्वज फौजेत होते. घरातली तलवार दसऱ्याला अजून पुजली जाई. गाईम्हशींची सडकी जखमही ते उघड्या हातानं धूत, पण डुकराचं नाव निघालं की अंग चोरत.

थंडीच्या तोंडाशी किला गेटमागच्या वस्तीत डुकरांचा ताप आला. डुकरं पाळणाऱ्या रामकलीचा सगळा कळप आडवा झाला. मेलेली डुकरं पुरल्यावर वाडगं शुद्ध करायचं काम महिपतरावांकडे आलं. रीत त्यांना पाठ होती. आधी घाण खरवडायची, साबणाच्या पाण्यानं जमीन घासायची, सुकू द्यायची, मगच औषध. घाणीवर पडलेलं औषध घाणीशीच झुंजून संपतं. खालचा विषाणू विष्ठेत, रक्तात सुखरूप राहतो. त्यात ग्वाल्हेरची थंडी. उन्हाळा त्याला जाळतो, थंडी त्याला जपते.

हे सगळं ठाऊक असून महिपतरावांनी नाकाला रुमाल बांधला आणि दारातूनच औषधाचा पंप मारला. "हो गया, रामकली. महीने भर बाद नए पिल्ले लाना."

संक्रांतीनंतर तिनं पिल्लं आणली. त्यांचे कान लाल-जांभळे झाले नि ती पिल्लंही मेली.

महिपतराव वस्तीत पोहोचले, तेव्हा रामकली रिकाम्या वाडग्यापाशी बसली होती. "मेरी ही गलती, रावसाहब. पडाव के होटल की जूठन खिलाई. अपने हाथों मारा."

"उबाली नहीं थी?"

"रोज उबालती थी. खौलाकर."

खळखळून उकळलेल्या उष्ट्यात तो विषाणू टिकत नाही. महिपतरावांना उत्तर मिळालं. ते तसेच घरी आले.

मोरीत ते हात धूत राहिले. त्यांच्या पत्नी शांताताई पदराला हात पुसत आल्या. "अहो, किती धुताय? डुकराला तर शिवलासुद्धा नाहीत म्हणे!"

"म्हणूनच," ते म्हणाले. ताट तसंच राहिलं.

सकाळी ते खरवडणी, ब्रश आणि साबण घेऊन वाडग्यात शिरले नि गुडघ्यांवर बसले.

"अरे, आज रूमाल नहीं?" रामकली हसली.

"जूठन से नहीं मरे, रामकली. मैंने घिसा नहीं था. गंदगी के ऊपर ही दवाई मार दी."

तिचं हसू विझलं. तिनं पाण्याची बालदी आणून त्यांच्यापुढे आदळली.

"कोने में भी घिसो."

ते घासत राहिले. घासता घासता म्हणाले, "गर्मी से पहले पिल्ले मत लाना."

"लाऊँगी तब लाऊँगी," ती म्हणाली. "अब आपसे पूछकर नहीं."

महिपतरावांनी मान हलवली आणि कोपऱ्याकडे सरकले.