तिकडे सांगण्यापुरतं स्पॅनिश

ग्लासगोतल्या लायब्ररीत दर मंगळवारी संध्याकाळी आमचा स्पॅनिशचा क्लास असायचा. मी हौसेने जायची. माझ्या शेजारी एक सत्तरीचे स्कॉटिश गृहस्थ बसायचे. आल्या आल्या ओली टोपी रेडिएटरवर वाळत घालायची, मग फ्लास्कच्या झाकणात चहा ओतून आधी माझ्यापुढे सरकवायचा, ही त्यांची पद्धत. नाव मी कधी विचारलं नाही, पण 'काका' म्हणावंसं दर वेळी वाटायचं.

त्या टर्मला साधा भूतकाळ आणि 'त्याला, तिला' चालू होतं. शिक्षिका म्हणायच्या, "घडून गेलेलं काहीतरी सांगा." आम्ही आपले वाक्यांत ब्रेड आणायचो आणि तो खायचो. काकांच्या वाक्यांत मात्र कायम बायको. तिला फुलं दिली, तिला समुद्रावर नेलं. नाव एकदाही नाही. माझे बाबाही आईला जन्मभर 'ही'च म्हणाले. म्हणून काका मला घरचेच वाटायचे.

शेवटच्या मंगळवारी मी म्हटलं, "एकदा मिसेसना घेऊन या की."

टोपी उचलत ते म्हणाले, "ती गेली, पोरी. हिवाळ्यातच. दरवर्षी आम्ही स्पेनमध्ये एकाच बाईंकडे उतरायचो. बोलायचं सगळं हिने, मी नुसत्या बॅगा उचलायच्या. त्या बाईंना अजून माहीत नाही. फोनवर कसं सांगू? जाऊनच सांगायला हवं."

तेवढ्यात शिक्षिकांनी पुढच्या टर्मचं विचारलं. त्यात भविष्यकाळ होता.

"नको," काका म्हणाले, "मला एवढं पुरेल."