रिकामी ओळ

मला बोलतं केलं ते कान बाईंनी. काय झालं ते सांगतेच, पण आधी त्यांचं नाव यायला पाहिजे. खरं नाव हजेरीपटावर असेल. गोरेगावच्या जीपमधून उतरून आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत येणाऱ्या त्या बाईंना सगळं गाव कान बाईच म्हणायचं. डावा कान लहानपणीच गेलेला. कुणी बोललं की मान वळवून उजवा कान पुढे करायच्या, डोळे मिटायच्या, आणि बोलणारा गप्प झाल्यावरही थोडा वेळ तशाच राहायच्या, जणू त्याच्या मागे आणखी कुणीतरी बोलत होतं. नव्या पोरांना भीती वाटायची. मला सातवीतही वाटायची.

बाई छडी वापरत नसत. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात कविता लिहून आणायच्या आणि नकाशाच्या खिळ्याला अडकवायच्या. एकेकाला एकेक ओळ, वर्षभर तीच. रोज मधल्या सुट्टीनंतर ओळीने उभं राहून म्हणायची. कुणी आलं नसेल तर त्याची ओळ दुसऱ्याने म्हणायची नाही. बाई एक बोट वर करायच्या, तेवढा वेळ सगळा वर्ग गप्प. बोट खाली आलं की पुढची ओळ. "ओळ ज्याची त्याची. न्हाई आला तर त्याची जागा रिकामी ऐकायची," म्हणायच्या. त्या रिकाम्या जागेत कौलावरच्या कावळ्याची नखंसुद्धा ऐकू यायची.

आमची कविता विहिरीची होती. बाईंनीच केलेली असावी. विचारलं तर नुसत्या हसायच्या. वाकून पाहिलं विहिरीत, पाणी काळं, पाणी गार, तळातून कुणी विचारलं... पुढची ओळ तांड्यावरच्या सोनीची, 'वर कोण आहे?' त्यानंतरची माझी, 'मी म्हटलं, मी आहे.' अर्थ विचारायची सोय नव्हती. "पाठ झाली म्हंजे कळली न्हाई, कांता," बाई म्हणायच्या, "कविता कळती ती नंतर, भलत्याच जागी."

सोनी माझ्या शेजारी तरटपट्टीवर बसायची. घरी तिची बोली वेगळी, म्हणून आमची मराठी जपून, तोलून बोलायची. ती उभी राहिली की सरपंचाचा पुतण्या बाळ्या आणि त्याच्या टोळीतली पोरं शेळीसारखं बें बें करायची, बाईंच्या डाव्या अंगाला बसून, दबक्या आवाजात. "ए शेळे, म्हण की!" बाकीचे हसायचे. मी कधी बें केलं नाही, याचं मला मनातल्या मनात कौतुक होतं. मी खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत बसायची.

वर्गाला लागून अडगळीची खोली होती. फाटके नकाशे, मोडकी खुर्ची, गॅदरिंगचे राक्षसाचे मुखवटे. तिथे एक मेलेली पोरगी बसून असते, असं मोठी पोरं सांगायची. एका मधल्या सुट्टीत बाळ्याने सोनीला त्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मी हौदावर डबा धूत होते. त्याने माझ्याकडे बघितलं. "सांगशील तर तुलाबी आत." मी डबा पुन्हा धुतला.

घंटा झाली. कविता सुरू झाली. तळातून कुणी विचारलं, इथवर आली. सोनीची जागा मोकळी बघून बाईंनी बोट वर केलं. वर्ग गप्प. आणि त्या गप्प जागेत भिंतीतून, बारीक, अगदी वेळेवर, आवाज आला.

"वर कोण आहे?"

माझ्या हातावर काटा आला. बाळ्यासुद्धा पांढरा पडला. भिंत बाईंच्या डाव्या हाताला होती. त्यांना काही कळलं नाही. बोट खाली आलं. माझी पाळी होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी म्हटलं, मी आहे." आणि खाली बसले. भूतच बोललं, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते सोपं होतं. भुतासाठी उठून कडी काढावी लागत नाही.

शाळा सुटताना शिपाई तरटपट्ट्या ठेवायला गेला तेव्हा सोनी सापडली. भिंतीला कान लावून बसलेली. रडत नव्हती. कुणाचं नाव सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

बाईंनी रोज बोट वर केलं. रोज आम्ही सगळे भिंतीकडे न बघता बसायचो, आणि मला रोज ऐकू यायचं. आठव्या दिवशी मी उभी राहिले तर ओळ तोंडातून निघेना. "बाई, बाळ्यानं कडी घातली ते मी बघितलं व्हतं. अन् ती आतून बोलली ते ऐकलं बी व्हतं."

बाईंनी उजवा कान पुढे केला, डोळे मिटले. मग मला घेऊन तांड्यावर गेल्या. दारात म्हणाल्या, "मला सांगितलंस ते तिला सांग."

मी सांगितलं. सोनीने माझ्याकडे बघितलं. "मला ठावं हाय. तू म्हनलीस ना, मी आहे. मंग मी वाट बघत बसले."

परत येताना बाई एवढंच बोलल्या, "भिंतीकडं माझा बहिरा कान व्हता. उद्यापासून खुर्ची फिरवते." खुर्ची फिरली. अडगळीच्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं, आणि ते बाळ्यानेच शिपायासोबत उचलून नेलं. दिवाळीनंतर सोनी आली.

माझी शाळा सातवीलाच सुटली. आता सुरतेत साड्यांना लेस लावते. मध्यंतरी तिथे एका नव्या पोरीला बाया छळायच्या. तिचा डबा लपवून हसायच्या. मी उभी राहून म्हणाले, "मी बघितलंय." अजून बंद दार दिसलं की थांबून कान लावते. सोबतच्या बाया हसतात. हसू देत.

सोनीचा फोन येतो. म्हणाली, बाईंचा उजवा कानही गेला. गोरेगावला दाराकडे तोंड करून बसतात, मधूनच एक बोट वर करतात. बाई, मी येईन. तुमचं देणं फेडल्याशिवाय राहणार नाही. ऐकू येणार नाही, ठाऊक आहे. तुमचा हात माझ्या गळ्यावर ठेवीन, आणि बोट खाली आलं की माझी ओळ म्हणेन.

मी आहे.