पास झालेली जीप आणि नाकावरचा पदर

मंडळी, जळगावच्या सायबर कॅफेतून लिहितोय. हाताला अजून डिझेलचा वास आहे.

आमच्या जुन्या पेट्रोल जीपला धुळ्याच्या मिस्त्रीने ट्रॅक्टरचं इंजिन आणि उभा सायलेन्सर बसवलाय. आज पीयूसीला नेली, तर तपासणीची नळी वर पोचेचना.

"भाऊ, हाई जीप शे का ट्रॅक्टर?" तपासणारा वैतागून स्टुलावर चढला. गाडी दोनदा नापास. भर उन्हात फिल्टर बदलून आणला, तेव्हा एकदाची पास झाली.

पिंप्राळ्याला परतताना बायको शेजारी नाकाला पदर लावून बसलेली.

"अगं, पास झाली ना आता!"

"मशीनने एकदा हुंगलं. मी रोज हुंगते."

पुढे घरापर्यंत गाडी हळू चालवली.

तुमच्याकडे गाडी पास कोण करतं हो?